जलंब–खामगाव गाडी: आठ मैलांची, पण शकुंतलेहून थोरली

वऱ्हाडातल्या रेल्वेचा विषय निघाला की सगळे शकुंतलेवर येतात. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची नॅरोगेज, तिची ब्रिटिश कंपनी, तिचे फोटो. घ्या बाप्पा, फोटो घ्या. पण ती विसाव्या शतकातली. तिच्या कितीतरी आधी, १८७० साली, जलंबहून खामगावला रूळ पडले आणि त्या मार्गावर आजही गाडी धावते. हा रिव्ह्यू तिच्यासाठी.

माझी सारी नोकरी जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, वजनकाट्यावर गेली, त्यामुळे ही लाईन मला कापसाच्याच हिशेबाने कळते. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस तुटला आणि वऱ्हाडी कापसाला कधी नव्हे तो भाव आला. युद्ध संपलं, भाव उतरला, पण खामगावचा बाजार टिकला. तेवढ्यात ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची मेन लाईन मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी निघून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. खामगाव आठ मैल दक्षिणेला राहिलं. म्हणजे बाजार इकडे आणि रेल्वे तिकडे. मधल्या काळ्या जमिनीतून कापसाच्या बंड्या हाकायच्या. एक अवकाळी झाली की चाकं तुंब्यापर्यंत रुतलीच समजा.

म्हणून हा फाटा झाला, आणि तोही सरकारी पैशाने. तोवर कंपन्या रेल्वे बांधायच्या आणि त्यांच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकार द्यायचं; खर्च कितीही वाढो, कंपनीला काय त्याचं! १८६९ मध्ये धोरण बदललं, सरकारने स्वतः लाईनी बांधायचं ठरलं. ‘खामगाव स्टेट रेल्वे’ ही त्यातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी. बडनेरा-अमरावतीचा फाटा पुढच्याच वर्षी, १८७१ ला आला.

खामगावची लाईन व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने सुरू केली. गंमत अशी की खर्च वाचवायला नव्या सरकारी लाईनी मीटरगेज, म्हणजे कमी रुंदीच्या रुळांच्या, करायच्या, हा निर्णयही मेयोच्याच सरकारने त्याच साली घेतला. खामगावचं नशीब, की इथे मेन लाईनसारखी रुंद ब्रॉडगेजच पडली. कापसाच्या माणसाला विचारा याचा अर्थ. खामगावात दाबलेल्या कापसाची गठाण वॅगनमध्ये चढली की थेट मुंबईला उतरणार. शकुंतलेच्या कापसाला ती सोय नव्हती. मूर्तिजापूरला गेज बदलायचा, तिथे गठाण एका गाडीतून काढून दुसरीत टाकायची. हमाली वाढते, वेळ जातो, हमालाचा लोखंडी आकडा लावून लावून गठाणीचं बारदान फाटतं आणि फाटक्या गठाणीला व्यापारी लगेच भाव पाडून मागतो.

आता प्रवासाचं. तिकीट दहा रुपये, वेळ अर्धा तास धरा. बोगदा नाही, घाट नाही, दोन्हीकडे पऱ्हाटी (कपाशी), तूर, सोयाबीन. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. असल्या जमिनीवर रूळ सरळ ठेवणं सोपं नाही, तेव्हा सपाट मुलूख बघून बांधकामाला हसू नका. मागच्या खेपेला समोरच्या बाकाखाली एका काकांनी जळालेली पाण्याची मोटर ठेवली होती, खामगावला रिवाइंडिंगला चालली होती. तेलाचा ओघळ माझ्या चपलेपर्यंत आला तसे ते म्हणाले, “पाय घ्या भाऊ वर, हे काही थांबत नाही आता.” बाकी डब्यात कॉलेजची पोरं आणि बाजाराच्या पिशव्या.

पुण्याहून आलेला भाचा सोबत होता. त्याला शंभर फोटो मिळतील असं वाटलं होतं. मिळाले शेत आणि सिग्नल. देखाव्यासाठी येणाऱ्याने येऊच नये. कापूस, व्यापार, जुनी रेल्वे यांत गोडी असेल तर मात्र जरूर या. पऱ्हाटी फुटलेली असते तेव्हा, दिवाळीनंतर. खामगावात उतरून चांदीच्या पेढ्यांवरून फिरा, परतताना जलंबहून पुढच्याच स्टेशनला शेगाव आहे, दर्शन आणि कचोरी दोन्ही होतात. मेन लाईनच्या गाडीशी वेळ जुळते का ते मात्र निघण्याआधी बघून घ्या.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो खामगावच्या पुढे जालन्यापर्यंत रूळ नाहीत म्हणून. ती मागणी आमच्या आजोबांच्या तोंडी होती, आता आमच्या तोंडी आहे.