नागावचा बंगला, तीन जुन्या गाड्या आणि बनावट बुकिंग

अलिबाग, नागाव, काशीद या पट्ट्यात शनिवार-रविवारसाठी बंगला शोधत असाल तर हे आधी वाचा. इन्स्टाग्रामवरच्या एका पेजवरून आमच्या ग्रुपने नागावचा बंगला बुक केला, ५१,९९९ रुपये भरले आणि दारात पोचल्यावर कळलं की तो बंगला भाड्याने दिलाच जात नाही.

आमच्यातल्या तिघांना जुन्या गाड्यांचं वेड आहे. एकाकडे वडिलांच्या हौसेची प्रीमियर पद्मिनी, दुसऱ्याकडे ॲम्बॅसेडर, तिसऱ्याकडे गॅरेजात जीव ओतून उभी केलेली, 'डुक्कर' या टोपणनावाची जुनी फियाट. बेत असा होता की पुण्याहून ताम्हिणी उतरायची, कोलाड-रोहा करत साळावचा पूल ओलांडून रेवदंड्यावरून नागाव गाठायचं आणि रात्री अंगणात गाड्या लावून गाण्यांची मैफल करायची. अशा बेताला कुठलाही रिसॉर्ट चालत नाही. खाऱ्या वाऱ्यात पत्रा गंजतो, त्यामुळे गाड्यांना किनाऱ्यापासून आत, सावलीतली पक्की जागा हवी. गिटार आणि ड्रम वाजणार म्हणजे शेजार लांब हवा. हे सगळं मैत्रिणीने त्या पेजला मेसेज करून नीट विचारलं आणि प्रत्येक प्रश्नाला लगेच होकार आला. गाड्यांना जागा आहे, वॉचमन आहे, अंगणात लाइव्ह बँड रात्री दोनपर्यंत चालेल, बँडसुद्धा आम्हीच देऊ.

रात्री दोनचा हा होकार मला आजही सलतो. उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकर लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे आणि अलिबागकडचे बंगलेवाले ते आधीच बजावतात. ज्याचं खरोखर घर असतं तो कुठेतरी अडवतो: दहानंतर आवाज नको, गाड्या वाडीत घालू नका, कुत्रा आणणार असाल तर आधी सांगा. या माणसाने एकदाही अडवलं नाही. आम्हाला काय हवंय ते आम्हीच लिहून दिलं होतं, त्याने तेच आम्हाला विकलं.

पैसे टप्प्याटप्प्याने गेले. आधी बुकिंगचे २४,००० आणि मग बँडचा बयाणा ८,०००. निघायच्या आदल्या संध्याकाळी परत मिळणारं डिपॉझिट म्हणून १०,००० मागितले. ते भरल्यावर त्याचा फोन आला, "मॅडम, राउंड फिगर टाकलीत, सिस्टिम पावती काढत नाहीये. ९,९९९ टाका, आधीचे दहा हजार रात्रीपर्यंत आपोआप परत येतील." आवाज शांत, भाषा अदबशीर. क्यूआर स्कॅन केल्यावर बंगल्याचं नाव न दिसता कुणा व्यक्तीचं नाव दिसलं. विचारलं तर म्हणाला, "आमच्या अकाउंटंटचं खातं आहे." पावती आली, तिच्यावर शिक्का, सही, जीएसटी क्रमांक सगळं होतं.

ताम्हिणीत पद्मिनी तापून बंद पडली. इंजिनाच्या फ्युएल पंपावर ओला फडका ठेवून ती शांत होईपर्यंत आम्ही झाडाखाली बसून गाणी म्हटली. तिथवर सहल फार सुंदर चालली होती.

नागावात दिलेल्या लोकेशनवर गेटच्या आत फोटोतलाच झोपाळा होता, तीच कौलं, तीच सुपारीची वाडी. आतून राखणदार काका आले आणि तीन गाड्या बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "तुमचंही बुकिंग? अहो, मालक मुंबईला असतात. हे घर कुणाला देत नाहीत. गेल्या शनिवारी पण एक कुटुंब आलं होतं, लहान पोरं घेऊन." घर मध्यंतरी विकायला काढलं होतं, त्या जाहिरातीतले फोटो कुणीतरी उचलले होते. पेजवाल्याचा फोन तोवर बंद झाला होता. काकांनी पाणी दिलं आणि ओळखीच्या एका घरी आमची रात्रीची सोय लावून दिली. त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत.

गेटसमोरूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावला. तिथे पैसे कुठल्या खात्यातून गेले, किती वाजता गेले आणि प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक विचारतात. स्क्रीनशॉट हाताशी ठेवूनच फोन करा. शेवटचे ९,९९९ समोरच्या खात्यात पडून होते, ते होल्ड झाले. आधीचे सगळे पुढच्या खात्यांत फिरून एटीएममधून निघाले होते. बँकेकडून भरपाई मिळेलच असं धरू नका. तीन दिवसांत कळवलं की पैसे परत, असं जे ऐकायला मिळतं ते रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकावरून आलं आणि ते परिपत्रक ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी होतं. स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे त्यात येत नव्हते.

नंतर ती पावती नीट पाहिली. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७. आमच्या पावतीवर ०७ होते, म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता तो क्रमांक टाकला तर भलत्याच धंद्याचं नाव आलं. पैसे भरण्याआधी हे दोन मिनिटांत बघता येतं. त्याहून खात्रीचं म्हणजे गेटवरून व्हिडिओ कॉल मागा आणि कॉल चालू असतानाच त्याला रस्त्यावर यायला सांगा, शेजारच्या दुकानाची पाटी दाखवायला सांगा. खऱ्या घरवाल्याला यात काही जड जात नाही. आणि "सिस्टिममध्ये अडकलेत, पुन्हा पाठवा" हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबा. यूपीआयचे पैसे राउंड फिगरमुळे कधीच अडकत नाहीत.

गुन्हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली नोंदला आहे. होल्ड झालेले पैसे सोडवायला कोर्टात अर्ज दिला आहे. गेल्या शनिवारी आलेल्या त्या कुटुंबाने तक्रार केली की नाही ते काकांना माहीत नव्हतं. झोपाळा आणि सुपारीची वाडी असलेल्या नागावच्या त्या घरासाठी तुम्ही किंवा तुमच्या ओळखीत कुणी पैसे भरले असतील तर रक्कम लहान असली तरी १९३० वर नोंद करा. तेच खातं दुसऱ्या तक्रारीत आलं की पोलिसांना धागा जोडता येतो.