कागदाला पाच, पुस्तिकेला दोन: व्हॅलेंटाइन कार्डांचं एक किट

माझा धंदा बाइंडिंगचा. त्यामुळे खोका उघडला तेव्हा पुस्तिका बायकोच्या हातात दिली आणि मी आधी कागद चिमटीत धरून पाहिला. एकोणिसाव्या शतकातल्या पद्धतीची व्हॅलेंटाइन कार्डं घरी करायचं हे किट आहे. आत जाळीदार कागदाचे बारा ताव, रंगीत चकत्या, फुलापाखरांची छापील चित्रं, गोंदाची कांडी आणि सोळा पानांची पुस्तिका.

कागद उत्तम. जाड असूनही घडीवर तडकत नाही. जाळी मात्र लेसरने कापलेली, कडा किंचित करपलेल्या. खरी कागदी लेस अशी होत नसे. साच्यावर दाबून नक्षी उठवायची आणि वर आलेले उंचवटे घासून काढायचे, की तिथे भोकं पडत. म्हणून त्या लेसवरून बोट फिरवलं की उठाव लागतो. इथे सगळं सपाट. तरी एवढ्यावर मी गुण कापणार नाही, कारण साचे परवडणारे नाहीत हे मला कळतं. गोंदाची कांडी मात्र फेकून द्या. जाळीच्या बारीक दांड्यांवर फिरवली की कागद तिच्याबरोबर निघून येतो. दोन ताव असे गेल्यावर मी माझी खळ पातळ केली आणि ब्रश घेतला.

सगळ्यात मजा आली ती घडीच्या पट्ट्यांनी. पंख्यासारखी दुमडलेली कागदाची पट्टी दोन थरांच्या मध्ये चिकटवायची, म्हणजे लेस तळाच्या कागदापासून वर तरंगते आणि खालच्या रंगीत चकतीची सावली दिसते. असले थर अमेरिकेत लोकप्रिय केले ते मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या एस्थर हाउलंड यांनी. 1847 मध्ये शिक्षण संपवून ही मुलगी घरी आली, वडिलांचं स्टेशनरीचं दुकान होतं, हातात एक इंग्लंडहून आलेलं कार्ड पडलं. आपण याहून चांगलं करू, म्हणाली. भावाने नमुने फिरतीवर नेले आणि अपेक्षा दोनशे डॉलरची असताना पाच हजारांच्या ऑर्डरी आणल्या, असं सांगतात. मग घरातच बायका ओळीने बसल्या, एक कापतेय, दुसरी चिकटवतेय. 1881 मध्ये तिने धंदा विकला. स्वतः लग्न केलंच नाही. पुस्तिकेत तिला किती जागा? चार ओळी!

पहिली तीन पानं कोणाला, तर सम्राट क्लॉडियसने लग्नांवर बंदी घातली, संत व्हॅलेंटाइनने चोरून लग्नं लावली, तुरुंगाधिकाऱ्याच्या मुलीला शेवटची चिठ्ठी लिहिली, या गोष्टीला. ठाम इतिहास म्हणून. अहो, व्हॅलेंटाइन नावाचे हुतात्मेच एकाहून अधिक, एक रोमचा पाद्री, एक तेर्नीचा बिशप. जुन्या संतकथांत प्रेमपत्र नाही की लपूनछपून लावलेली लग्नं नाहीत. हा दिवस प्रेमाशी जोडलेला ठळकपणे दिसतो तो चौदाव्या शतकाच्या शेवटी, इंग्रज कवी चॉसरकडे: त्या दिवशी पक्षी जोडीदार निवडायला जमतात. पुस्तिकेत पक्ष्यांची चित्रं भरपूर आहेत, चॉसर नाही.

मार्जरी ब्रूजचं 1477 चं पत्र आहे, इंग्रजीतलं सर्वांत जुनं व्हॅलेंटाइन पत्र म्हणून. पण त्यातली फक्त गोड ओळ उचललीय. मार्जरी तिथे जॉन पॅस्टनला सांगतेय की वडील हुंडा वाढवायला तयार नाहीत, तरी माझ्यावर प्रेम असेल तर मला सोडू नकोस. ही हुंड्याची रड गाळली की पत्रात राहिलं काय? (लग्न झालं त्यांचं, त्याच वर्षी.)

शेवटच्या पानावर मात्र खरी गंमत आहे: ‘व्हिनेगर व्हॅलेंटाइन’. नावडत्या माणसाला निनावी पाठवायचं खोचक, कुरूप कार्ड. ब्रिटनमध्ये 1840 साली एका पेनीत पत्र जायला लागल्यावर गोड कार्डांचा पूर आला, त्यात हीही वाहत आली. बायकोने पहिलं कार्ड हेच केलं. कोणासाठी, ते सांगत नाही.

दहा तावांतून आठ कार्डं झाली. हाउलंडबाई आपल्या कार्डांमागे लाल रंगात बारीक ‘एच’ उमटवायच्या. ते वाचून बायकोनेही आठही कार्डांच्या पाठीवर लाल पेनाने एक अक्षर काढलं. तिचं. खळ माझी होती.