हसायचंच असेल तर कन्फ्यूशियस घ्यावा की च्वांगत्सू?

चीनच्या जुन्या तत्त्वज्ञांपैकी हसण्यासाठी कुणाला वाचावं, असं विचारलं की जाणकार लगेच च्वांगत्सूचं नाव घेतात. मीही बरेच दिवस तेच सांगायचो. सध्या माझ्या ऑफिसच्या पिशवीत मात्र कन्फ्यूशियस असतो. दोघांपैकी एकच पुस्तक घ्यायचं असेल, तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

तिसरा जुना चिनी तत्त्वज्ञ लाओत्से, त्याला आधीच बाजूला ठेवतो. ‘मोठं राज्य चालवणं म्हणजे लहान मासळी शिजवणं’ हे त्याचं वाक्य मासे खाणाऱ्या घरात समजावून सांगावं लागत नाही. सारखं उलथनं घातलं की चुरा होतो. पण त्याच्यावरचा सगळ्यात चांगला विनोद दुसऱ्यानेच केलाय. ‘जाणतो तो बोलत नाही’ असं लाओत्से म्हणतो. त्यावर थांग राजवटीच्या काळातला कवी पाय च्युयी विचारतो, म्हाताऱ्याला एवढं कळत होतं, तर पाच हजार अक्षरं लिहिली कशाला?

च्वांगत्सूचा मामला वेगळा. हा माणूस इ.स.पू. चौथ्या शतकातला आणि मुळातच नकलाकार. कुणीतरी येऊन विचारतं, तुमचा तो ताओ, म्हणजे सगळ्या जगाच्या मुळाशी असलेली वाट, नेमका असतो कुठे? हा म्हणतो, मुंगीत. इतकं खाली? मग तणात. अजून खाली? खापरात. आणि शेवटी, गू-मुतात. विचारणारा गप्प. राजाचे दोन अधिकारी मोठ्या पदाचं बोलावणं घेऊन येतात, तेव्हा हा नदीवर गळ टाकून बसलेला. मान न वळवता विचारतो, देवळात रेशमात गुंडाळून पुजलेलं मेलेलं कासव व्हावं, की चिखलात शेपटी ओढत जगावं? ते म्हणतात, चिखलात. मग निघा, म्हणतो, मलाही चिखलातच राहू द्या.

इतकं असूनही मला त्याचा कंटाळा कुठे आला, ते सांगतो. हाओ नदीच्या पुलावर तो आणि त्याचा मित्र हुइत्सू फिरताहेत. च्वांगत्सू म्हणतो, मासे बघ किती मजेत आहेत. हुइत्सू म्हणतो, तू मासा नाहीस, तुला कुठून कळलं? च्वांगत्सू म्हणतो, तू मी नाहीस, मग मला कळलं नाही हे तुला कुठून कळलं? हुइत्सू शांतपणे म्हणतो, बरोबर, मी तू नाही म्हणून मला तुझं कळत नाही. तसाच तू मासा नाहीस, म्हणून तुला माशांचं कळत नाही. संपला विषय. आता खरं म्हणजे हुइत्सू जिंकलाय. पण च्वांगत्सू म्हणतो, थांब, मुळात तू विचारलंस की कुठून कळलं, म्हणजे कळलंय हे तू धरूनच चाललास. कुठून म्हणशील तर इथून, या पुलावरून.

मूळ चिनी शब्दात ‘कसं’ आणि ‘कुठे’ दोन्ही बसतात. इंग्रजीत तळटीप लागते, आपल्या ‘कुठून’ला ती लागत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा लोकलमध्ये एकटाच हसलो होतो. तिसऱ्यांदा वाचताना मात्र हुइत्सूची दया आली. त्याचं उत्तर कधी येतच नाही, गोष्ट तिथेच संपते. मग लक्षात आलं, हा गडी सतत जिंकतो. दुसऱ्याला तो फक्त चेंडू टाकायला बोलावतो. आमच्या नात्यात असाच एक जण आहे. लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारी बसायला धमाल येते, पण त्याच्याबरोबर तीन दिवसांची सहल करून बघा.

अन्याय नको म्हणून सांगतो, एका ठिकाणी त्याची फजिती होते. राखीव बागेत तो पक्ष्यावर नेम धरून उभा असतो आणि चोर समजून रखवालदार त्याला शिव्या देत हाकलतो. पण त्यातूनही तो तत्त्वज्ञान काढतोच. आणि हुइत्सूच्या थडग्याजवळ तो म्हणतो की आता बोलायला कुणी उरलं नाही, तेव्हा माझी तक्रार जरा लंगडी पडते. जरा.

कन्फ्यूशियसच्या संवादांत हसू शोधावं लागतं, हे कबूल. २० प्रकरणांत रीतिरिवाजांचं बरंच काही आहे. कधीकधी दहा पानं कोरडी जातात. पण हा माणूस स्वतःच्याच पुस्तकात हरतो. शिष्य त्सयौ एका लहानशा गावाचा कारभार बघत असतो. गुरुजी तिथे जातात, तर सगळीकडे वाद्यं आणि गाणी. ते हसून म्हणतात, कोंबडी कापायला बैलाचा सुरा कशाला? शिष्य गंभीरपणे त्यांचंच जुनं वाक्य त्यांना ऐकवतो. मग ते बरोबरच्यांना म्हणतात, अरे, याचं बरोबर आहे, मघाशी मी गंमत केली. एवढंच! सारवासारव नाही. च्वांगत्सूच्या तोंडी हे वाक्य मला कल्पनेतही बसवता येत नाही.

एका माणसाला भेटायचं नसतं, तेव्हा आजारी असल्याचा निरोप धाडतात आणि निरोप्या दाराबाहेर पडतोय तोच तंतुवाद्य काढून गायला लागतात, त्याला ऐकू जाईल असं. एक मंत्री म्हणे कुठलीही गोष्ट करण्याआधी तीनदा विचार करायचा. यांचं मत, दोनदा पुरे. शिष्य त्साय यू दिवसा झोपला, तर म्हणाले, कुजक्या लाकडावर कोरीवकाम होत नाही, शेणामातीच्या भिंतीला गिलावा चढत नाही. हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “शेणामातीच्या भिंतीला काय झालं? नीट सारवली तर उन्हाळ्यात घर गार राहतं. आणि पोरगं दुपारी झोपलं तर झोपू दे की.”

तुमचा स्वभाव मैफिलीत रमणारा असेल तर च्वांगत्सू घ्या, मी अडवणार नाही. माझी प्रत तर कुणी मागितली की देऊन टाकतो, परत मागायचं लक्षात राहत नाही. दुकानात जाल तेव्हा पैसे देण्याआधी दोन्ही पुस्तकांचं १७वं प्रकरण उघडा. पूल, मासे आणि कासव च्वांगत्सूच्या १७व्यात आहेत. बैलाचा सुरा आणि ते खोटं आजारपण कन्फ्यूशियसच्या. उभ्या उभ्या वाचून होतात.