वर्गणी की नगरसेवक निधी?

आमच्या परळच्या बाजारात दुकानांचं तोंड उजळायचं ठरलं आणि लगेच दोन तट पडले.

पहिला पर्याय आपसात वर्गणी. सारख्या पाट्या, नवे पत्रे, शटरला एकच रंग. काम दिवाळीआधी उरकतं, कारण गणपतीची वर्गणी गोळा करणारीच मंडळी पुढे असतात. पण घोडं पागडीपाशी अडतं. दुकान पागडीचं, म्हणजे एकरकमी पैसे देऊन जुन्या भाड्यावर घेतलेलं, भिंत घरमालकाची, मग गिलाव्याचा खर्च कोणी करायचा? शेजारच्या स्टेशनरीवाल्या काकांनी तीन महिने हाच प्रश्न विचारला आणि दिला मात्र फक्त रंगाचा डबा. शिवाय फुटपाथ महापालिकेचा. तिथे स्वखर्चानेही परवानगीशिवाय लादी बसवता येत नाही. दिव्यांच्या पाटीलाही परवाना लागतोच.

दुसरा पर्याय नगरसेवक निधी. लादी, दिवे, बाकडी, झाडांभोवतीचे कट्टे यांना तोच बरा. पण अंदाजपत्रक, निविदा, कार्यादेश होईपर्यंत पावसाळा येतो आणि खोदकाम थांबतं. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपल्यावर तर कित्येक वर्षं दारात जाऊन उभं राहायला नगरसेवकच नव्हता. शिवाय या पैशातून खासगी दुकानाची पाटी होत नाही.

माझं मत? पाट्या वर्गणीतून. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर ठळक मराठी अक्षरं छोट्या दुकानांनाही सक्तीची आहेत, म्हणजे खर्च टळणार नाहीच. फुटपाथसाठी मात्र वॉर्ड ऑफिसात अर्ज, आणि तोही सगळ्यांच्या सह्यांचा. काकांची सही तेवढी बाकी आहे.