फोनच्या या टोकाला

भाच्याने कतारहून येताना 'द वेस्ट विंग' या, अमेरिकन राष्ट्राध्यक्ष आणि त्याच्या कचेरीतल्या माणसांवरच्या मालिकेचा डीव्हीडी संच आणला. "आत्ये, तुला राजकारणाचं वेड, बस बघत." मेपासून रोज जेवणं उरकली की एक भाग, असा नेम चालला आहे. आमचे हे पहिल्या दहा मिनिटांत घोरायला लागतात. त्यांचं म्हणणं, ही माणसं चालता चालता इतकं बोलतात की ऐकणाऱ्यालाच धाप लागते. खोटं नाही. राष्ट्राध्यक्षांपासून शिपायापर्यंत सगळे सारखेच हजरजबाबी, हा या मालिकेचा दोषच आहे. इंग्रजी सबटायटल वाचून होईस्तोवर पात्रं पुढच्या खोलीत पोचलेली असतात.

पण पहिल्या पर्वाचा शेवटचा, बाविसावा भाग पाहिला आणि त्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. तो अमेरिकेत १७ मे २००० ला दाखवला होता. एफ-११७ नाइटहॉक जातीचं विमान दक्षिण इराकच्या उड्डाणबंदी क्षेत्रात कोसळतं. वैमानिक वाळवंटात एकटा. इराकी सैनिकांच्या हाती लागायच्या आत त्याला उचलून आणायचं. हे अगदीच हवेतलं नाही. २७ मार्च १९९९ ला याच जातीचं विमान सर्बियात खरोखर पाडलं गेलं होतं. रडारला चकवतं म्हणून ज्याचा एवढा गवगवा, ते जुन्या रशियन बनावटीच्या क्षेपणास्त्राने! त्या वैमानिकालाही काही तासांनी हेलिकॉप्टरने सोडवून नेलं होतं.

आपल्याकडे असा प्रसंग म्हटला की धुरळा, पार्श्वसंगीत, तिरंगा, सगळं आलंच. इथे मोहीम जवळजवळ सगळी बंद खोल्यांतच घडते. राष्ट्राध्यक्ष बार्टलेट येरझाऱ्या घालतो, त्याचा कार्यालयप्रमुख लिओ निरोप आणतो, सेनाधिकारी मोजकं बोलतात. आपणही त्यांच्याबरोबर नुसते ताटकळतो.

हे मला भिडलं त्याला कारण आहे. वास्कोच्या बाजूला एका सरकारी ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजवर मी एकोणीस वर्षं काढली. एका पावसाळी संध्याकाळी एक हेलिकॉप्टर वेळेत परतलं नाही. साडेसातला त्यातल्या एकाच्या बायकोचा फोन आला. माझ्यासमोर पॅडवर पेन्सिलीने लिहिलेला निरोप होता, 'किनाऱ्यावर उतरवलं, सगळे ठीक, वरून सांगेपर्यंत बोलायचं नाही.' मी म्हटलं, "वहिनी, अजून काहीच कळलेलं नाही." ती रडत नव्हती, "बरं" म्हणाली आणि रिसीव्हर तिने इतका हळू ठेवला की लाइन कटल्याचं मला लगेच कळलंही नाही. दोन दिवसांनी मासळी बाजारात समोरासमोर आलो. तिने बांगड्यांचा वाटा घेतला, पैसे दिले, आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

म्हणून या भागातली माझी खरी नायिका प्रसिद्धीप्रमुख सी. जे. क्रेग. मोहीम चालू असताना तिला पत्रकारांची दिशाभूल करावी लागते, त्यात डॅनीचीही. तो तिच्यावर जीव टाकणारा बातमीदार, म्हणून जास्तच दुखावतो. याची गोम कळायला याच पर्वातला काश्मीरवरचा भाग आधी बघायला हवा. त्यात भारतीय फौजा पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमध्ये घुसतात (लेखकाचं भारताविषयीचं ज्ञान यथातथाच, ते सोडून द्या). तेव्हा सहकाऱ्यांनी सी. जे.लाच अंधारात ठेवलं होतं, कारण तिची पत्रकारांशी फार सलगी. आता तीच जाणूनबुजून खोटं बोलते, तेही सफाईने. तिने दुसरं काय करायचं होतं, हे डॅनीलाही सांगता आलं नसतं.

बार्टलेटचा सल्लागार टोबी, त्याच्या भावाचं अवकाशयान अडकल्याचं उपकथानक मात्र जास्तीचं वाटलं. एका भागात एकच माणूस संकटात असू द्या की. फक्त यानाचं नाव ऐकलं आणि काळजात चर्र झालं. कोलंबिया. लिहिणाऱ्यांना २००० साली काय ठाऊक, की १ फेब्रुवारी २००३ ला तेच यान आपल्या कल्पना चावलासकट जाणार आहे.

पंचवीस वर्षं जुन्या मालिकेचं गुपित काय राखायचं, शेवटी गोळीबार होतो. नेमक्या त्याच क्षणी आमच्याकडे वीज गेली. फोंड्यात जूनमध्ये हे ठरलेलंच. अमेरिकेतले प्रेक्षक पुढच्या भागासाठी ४ ऑक्टोबरपर्यंत थांबले होते. मी पावणेतीन तास बालकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसून डास मारले.

दुसऱ्या पर्वाचे पहिले दोन भाग याच गोष्टीचे. इस्पितळातली धावपळ चालू असताना ही माणसं एकत्र कशी आली ते मागे जाऊन दाखवतात. बार्टलेटचा सहकारी जॉश तेव्हा सिनेटर हॉइन्सकडे होता, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत जिंकणार म्हणून सगळे ज्याच्या मागे, त्या घोड्यावर. बापाचा जुना दोस्त लिओ त्याला न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआ गावी एका जवळजवळ अनोळखी गव्हर्नरचं, म्हणजे बार्टलेटचं, भाषण ऐकायला बोलावतो, आणि हा पठ्ठ्या तिकडेच जातो. आम्हा गोंयकारांच्या भाषेत ही सरळ उडी. आपल्याकडे जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीची महालक्ष्मी, बांबोळीचा खुरीस (क्रूस) आणि बेतीचा दर्गा अशा तीन ठिकाणी निष्ठेच्या शपथा घेतल्या, आणि सप्टेंबरात अकरापैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले. उडी तीच, पण आपले आमदार सत्तेकडे जातात. जॉशने ती हरणाऱ्याकडे मारली, म्हणून तर ती पटते. इलिनॉयच्या पक्षांतर्गत निवडणुकीच्या रात्री त्याचे वडील वारतात, तेव्हा बार्टलेट विजयाचा जल्लोष सोडून विमानतळावर त्याच्याजवळ येऊन बसतो. त्या प्रसंगाला हेही जागे होते.

पाचातले साडेचार. अर्धा अवकाशयानाने खाल्ला. बघणार असाल तर तिन्ही भाग सलग बघा, आणि लावण्यापूर्वी इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी आहे का ते तपासा.