नट टोकाशी नाही, मधोमध फिरवून बघा

नाशिकला सिडकोत माझं फर्निचरचं छोटं दुकान आहे. देवघराच्या जाळ्या हाताने कोरून कोरून मान धरली, म्हणून दोन बाय दोन फुटांचा सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमावर लाकूड कोरणारं मशीन, स्वतःच जोडायचं ठरवलं. व्हिडिओ बघून डोक्यात एवढंच बसलं होतं की बॉलस्क्रू (मशीनचं डोकं सरकवणारा स्क्रू, त्याचा नट छर्ऱ्यांवर चालतो) 'ग्राउंड', म्हणजे आटे घासून अचूक केलेला, असला पाहिजे. अंबडला जुन्या मशीनचे पार्ट विकणाऱ्या एकाकडे गेलो आणि हे बोलून बसलो. तिथेच गिऱ्हाईक सापडलं त्याला.

"ग्राउंडच आहे दादा, परदेशी मशीनचा. नवा घ्यायला गेलात तर रडाल." नट फिरवून दाखवला. घट्ट, गुळगुळीत. रेल म्हणजे सरकपट्टी, तिच्यावर छर्ऱ्यांवर चालणारा ब्लॉकही लोण्यासारखा सरकला. चार रेल, आठ ब्लॉक, तीन स्क्रू, सगळे मिळून 26 हजार. बिल मागितलं तर म्हणे, "18 टक्के जीएसटी उगाच कशाला भरता?" खोटं कशाला सांगू, मलाही ते गोड लागलं. यूपीआयने पैसे टाकून मोकळा झालो.

माझा एक मित्र सातपूरला मशीनिस्ट आहे. रविवारी तो डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक, घेऊन आला आणि आधी रॉकेलच्या फडक्याने सगळं ग्रीस पुसून काढलं. रेलच्या मधल्या वीत-दीड वीत भागात सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. दोन ब्लॉकमधले निम्मे छर्रे गायब, त्या जागी नुसतं ग्रीस कोंबलेलं. मग त्याने नट स्क्रूच्या मधोमध आणला, स्क्रू घट्ट धरला आणि नट मागेपुढे ढकलला. काटा 0.4 मिमी हलला. टोकाशी नेऊन तेच केलं, तर काटा जागचा हलेना.

"मशीन आयुष्यभर मधेच चालतं, झीज तिथेच होते. टोकं कोरी राहतात. तुला त्याने टोक दाखवलं."

मोटरीही त्या विकणाऱ्याकडूनच घेणार होतो. "नेमा 23 म्हणजे ताकदीची" म्हणाला होता. नेमा 23 हे नुसतं मोटरीच्या तोंडाचं माप, साधारण 57 मिमी. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वेगळा विचारावा लागतो. तेवढ्यापुरता वाचलो.

फोन केला तर, "बघून घेतलंत ना दादा?" दुसऱ्या दिवसापासून फोन उचलणंच बंद. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर माहीत होता, पण हातात बिलच नाही तर सांगणार काय?

आता 16 मिमी जाडीचे, 5 मिमी पिचचे (एका फेऱ्यात नट 5 मिमी सरकतो) साधे रोल्ड, म्हणजे आटे दाबून काढलेले, स्क्रू मागवलेत, नवे, पक्क्या बिलावर. सी7 ग्रेड, म्हणजे 300 मिमीला 0.05 मिमीचा फरक. मित्र हसला. सागवानाच्या जाळीला एवढं पुष्कळ झालं, ग्राउंड मला लागतच नव्हता.