महिन्याच्या कॉन्टॅक्ट लेन्स, 8 महिने वापरून झाल्यावर

माझा दोन्ही डोळ्यांचा नंबर -5.50. सातवीपासून चष्मा. रोज स्कूटीवर कोथरूड ते हिंजवडी, हेल्मेटमध्ये चष्मा घुसवायचा, पावसात काचा पुसत सिग्नलला थांबायचं, या सगळ्याला वैतागून शेवटी सिलिकॉन हायड्रोजेलच्या (डोळ्याला हवा जास्त मिळू देणाऱ्या मऊ मटेरियलच्या) महिन्याच्या, म्हणजे दर महिन्याला टाकून नवीन जोडी काढायच्या लेन्स घेतल्या. नंबर डॉक्टरकडून लेन्ससाठी वेगळा काढून घ्या, चष्म्याचाच सांगून ऑनलाइन मागवू नका, कारण लेन्स थेट बुबुळावर बसते त्यामुळे जास्त नंबरला फरक पडतो, माझा लेन्सचा -5.25 निघाला.

दिसायला एकदम मस्त, कडेचंसुद्धा स्वच्छ दिसतं, त्याबद्दल काही तक्रारच नाही. पहिला आठवडा घालायला 20 मिनिटं लागायची, आता दोन. बोटाच्या टोकावर ठेवून बघायचं, वाटीसारखी दिसली तर बरोबर, कडा बशीसारख्या बाहेर वळल्या तर उलटी आहे.

पण मला खरं सांगायचंय ते पाण्याबद्दल, कारण चार महिने मी चुकत होते आणि मला कोणी सांगितलंच नव्हतं. लेन्स काढली की डबीत सोल्यूशनमध्ये (लेन्स धुवायच्या-भिजवायच्या द्रावणात) ठेवायची हे माहीत होतं, पण डबी मी रोज नळाखाली धुवायचे, आणि सोल्यूशन महाग म्हणून कालच्यातच थोडं नवीन ओतायचे. मग एकदा कोल्हापूरहून रात्रीच्या बसने येताना लेन्स घालूनच झोपले. सकाळी स्वारगेटला उतरले तर उजवा डोळा लालभडक, उजेड सहन होईना, पाणी थांबेना. लेन्स काढून तशीच डॉक्टरकडे गेले. कॉर्नियाला (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला) इन्फेक्शनची सुरुवात होती, अँटिबायोटिक ड्रॉप्स सुरुवातीला दर तासाला आणि तीन आठवडे लेन्स बंद.

डॉक्टर म्हणाले डबी दाखवा. त्यांनी मला डबीत आतून बोट फिरवायला लावलं. बुळबुळीत! वरून काचेसारखी स्वच्छ दिसत होती हो, पण आत जंतूंचा थर धरला होता, आणि मी रोज त्यात लेन्स भिजवून डोळ्यात घालत होते. नळाच्या पाण्यात अकॅन्थअमीबा नावाचा जीव असू शकतो, तो लेन्सला चिकटून बुबुळात शिरला तर उपचार कित्येक महिने चालतात, नजरही जाऊ शकते. घरचं आरओचं, उकळलेलं, कुठलंच पाणी चालत नाही. आणि झोपेत तर डोळा बंद, कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, तो जागेपणी ऑक्सिजन मुख्यतः हवेतूनच घेतो, त्यावर लेन्सचं झाकण. लेन्स घालून झोपलं की इन्फेक्शनचा धोका 6 ते 8 पट वाढतो म्हणे. मला वाटायचं तासभर डुलकी काढली तर काय होतंय, पण डुलकीसुद्धा नको.

आता रोज रात्री साबणाने हात धुऊन पूर्ण कोरडे करते, लेन्स तळहातावर सोल्यूशन घेऊन बोटाने हलकी चोळते, बाटलीवर 'नो रब' (चोळायची गरज नाही) लिहिलेलं असलं तरी चोळतेच. सकाळी डबीतलं सगळं ओतून टाकायचं, सोल्यूशननेच धुवायची, टिश्यूवर उलटी वाळत ठेवायची. डबी दर तीन महिन्यांनी नवीन, बॉक्सवर स्केचपेनने तारीख लिहिते. लेन्सही उघडल्यापासून महिना झाला की टाकायची, मधे आठ दिवस घातली नसली तरी.

आंघोळीला लेन्स नाही, स्विमिंगला नाही, रंगपंचमीला अजिबात नाही. काजळ लेन्स घातल्यानंतर. कांदा चिरताना डोळे झोंबत नाहीत हा फायदा आहे खरा, पण हिरव्या मिरच्या चिरून मग लेन्स काढायला गेले होते, हात दोनदा धुतलेले तरी असली आग झाली की विचारू नका, त्यामुळे आता स्वयंपाकाआधीच काढून ठेवते.

ऑफिसात एसी आणि स्क्रीन असल्याने संध्याकाळी डोळे कोरडे पडतात, पापणी कमी लवते ना. प्रिझर्वेटिव्ह नसलेले लेन्सचे ड्रॉप्स घेते आणि 8-9 तासांनी चष्म्यावर येते. चष्मा पर्समध्ये कायम असतोच. परवा पुण्याबाहेर डोळा थोडा खुपायला लागला, पेट्रोल पंपावरच लेन्स काढली आणि चष्म्यावर घरी आले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरने तपासलं, काही नव्हतं, तरी दोन दिवस घातली नाही.